विजेरीच्या मेंदूची पुन्हा शिकवणी

दिवाळीच्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा डोंगराच्या पायथ्याशी रात्री उभे राहिले, तर एक सुंदर देखावा दिसतो. सातपुड्याच्या काळ्याभोर अंगावर ठिपक्यांची एक ओळ हळूहळू वर सरकत असते. अश्वत्थाम्याच्या दर्शनाला निघालेले हे यात्रेकरू. सुमारे १,३२५ मीटर उंचीचा हा डोंगर, वाट खडकाळ आणि सोबतीला हातातला उजेड. पूर्वी तो मशालीचा किंवा कंदिलाचा असे. आता बहुतेकांच्या हाती विजेरी असते. आपल्याकडे बोलताना तिला सगळे 'बॅटरी'च म्हणतात. पण विजेरी आणि तिच्यातला विद्युतघट यांत गोंधळ होऊ नये, म्हणून या लेखात आपण विजेरी हाच शब्द वापरू.

आजच्या विजेरीला एक खोड असते. बटण एकदा दाबले, की झगझगीत उजेड. दुसऱ्यांदा दाबले, की मध्यम. तिसऱ्यांदा मंद. मंद उजेडातून विजेरी बंद करायची म्हटली, तर मध्येच ती डोळे दिपवणारी उघडझाप करू लागते! घरात ही गंमत वाटेल. पण अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या काही पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरावे लागते. चौघे जण झोळी सांभाळत पायाखालची वाट बघत असताना विजेरी अशी लुकलुकू लागली, तर पुढे चालणाऱ्याचा पाय घसरायला वेळ लागत नाही. घट संपत आला आहे याची सूचना न देता विजेरी एकाएकी विझली, तर प्रसंग त्याहून कठीण.

मग प्रश्न असा, की विजेरीची ही वागणूक आपल्याला बदलता येईल का? ती मंद उजेडापासून सुरू व्हावी, उघडझाप मुळीच करू नये आणि घट संपण्याआधी तिने इशारा द्यावा, असे तिला शिकवता येईल का? काही विजेऱ्यांच्या बाबतीत याचे उत्तर 'होय' असे आहे. त्यासाठी कोणते साहित्य लागते आणि ते कसे काम करते, ते पाहू.

बटणामागे कोण बसले आहे?

जुन्या विजेरीत तीनच गोष्टी असत. दोन-तीन कोरडे घट, एक काचेचा दिवा आणि एक खटका. खटका दाबला, की मंडल पूर्ण होई आणि दिवा लागे. नव्या विजेरीत काचेच्या दिव्याच्या जागी एलईडी, म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक डायोड आला. कोरड्या घटाच्या जागी लिथियम-आयन घट आला. आणि या दोघांच्या मध्ये रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल पट्टी येऊन बसली. या पट्टीवरच्या एका चिमुकल्या चिपला मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. विजेरीचा मेंदू तो हाच.

चांगल्या विजेऱ्यांमध्ये अनेक वर्षे वापरात असलेली एक चिप म्हणजे एटीटायनी-८५. तिला आठ पाय असतात आणि पाय सोडले तर तिचे अंग जेमतेम सव्वापाच मिलिमीटर चौरस असते. तिच्यात प्रोग्राम साठवण्यासाठी ८,१९२ बाइटांची जागा आहे. ही जागा किती? संगणकात देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला सामान्यतः ३ बाइट लागतात. म्हणजे या चिपमध्ये सुमारे २,७३० चिन्हे मावतील. आपण वाचत आहात तो लेखसुद्धा तिच्यात पुरा बसणार नाही! तिची धाकटी बहीण एटीटायनी-१३ हिच्यात तर केवळ १,०२४ बाइट, म्हणजे पोस्टकार्डावरच्या मजकुराएवढीच जागा असते. तरीही विजेरी चालवायला एवढी जागा पुरते.

या चिप ज्या एव्हीआर घराण्यातल्या आहेत, त्याचा उगम नॉर्वेतल्या ट्रॉनहेम गावच्या तंत्रशिक्षण संस्थेत झाला. आल्फ-एगिल बोगेन आणि व्हेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी तिची मूळ रचना केली. पुढे अॅटमेल कंपनीने त्या बाजारात आणल्या आणि २०१६ साली ती कंपनी मायक्रोचिप कंपनीत विलीन झाली.

मंद उजेड म्हणजे काय?

चिप उजेड मंद कसा करते? ती वीज कमी करत नाही, तर दिवा अतिशय वेगाने लावते आणि विझवते. चिपमधला गणक ० ते २५५ असे २५६ आकडे मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. समजा, आपण तिला सांगितले, की पहिले १३ आकडे मोजेपर्यंत दिवा लाव आणि उरलेले आकडे संपेपर्यंत विझव. मग दिवा १३ भागिले २५६, म्हणजे सुमारे ५ टक्के वेळच पेटलेला राहील. चिप सेकंदाला ८० लाख ठोक्यांनी चालत असेल, तर ही फेरी सेकंदाला ३१,२५० वेळा पुरी होते. आपल्या डोळ्याला इतकी जलद उघडझाप कळत नाही. त्याला फक्त मंद उजेड जाणवतो.

याचा फायदा किती होतो पाहा. विजेरी पूर्ण उजेडात १ अँपियर प्रवाह घेते आणि घटाची क्षमता २,६०० मिलिअँपियर-तास आहे, असे धरू. पूर्ण उजेड २.६ तास टिकेल. मंद उजेड मात्र सुमारे ५१ तास टिकेल! झोळी घेऊन रात्रभर चालायचे असेल, तर विजेरी आधी मंद उजेडात सुरू होणे का महत्त्वाचे, हे या एका गणितावरून समजते.

अज्ञात फूटपट्टी, ज्ञात काठी

घट संपत आल्याचे चिपला कसे कळावे? इथे एक गमतीदार युक्ती आहे. चिपमध्ये १.१ व्होल्टचा एक स्थिर संदर्भ-दाब असतो. घट भरलेला असो वा रिकामा, तो बदलत नाही. चिप या स्थिर दाबाची लांबी मोजते, पण मोजण्यासाठी फूटपट्टी म्हणून घटाचाच दाब वापरते आणि त्या पट्टीचे १,०२४ समान भाग करते. पट्टी लांब असेल, तर काठी थोड्या भागांत मावेल. पट्टी आखूड झाली, की तीच काठी जास्त भाग व्यापेल.

म्हणून सूत्र असे : मोजमाप = १.१ × १०२४ ÷ घटाचा दाब.

भरलेल्या लिथियम-आयन घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तेव्हा मोजमाप येते २६८. दाब ३ व्होल्टपर्यंत उतरला, की मोजमाप ३७५ होते. घट उतरतो तसा आकडा चढतो! प्रोग्राममध्ये एवढेच लिहायचे : आकडा ३५० च्या पुढे गेला तर दोनदा हळूच उजेड कमी-जास्त करून इशारा दे, ३७५ च्या पुढे गेला तर दिवा बंद कर, म्हणजे घट खराब होणार नाही. मात्र १.१ व्होल्टचा हा संदर्भ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा, १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान असू शकतो. म्हणून पहिल्यांदा मल्टिमीटरने घटाचा खरा दाब मोजून हे आकडे जुळवून घ्यावे लागतात.

आधी चिप ओळखा

आता एक निराशेची गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त विजेऱ्यांतली चिप बहुधा पुन्हा लिहिता येत नाही. काहींत पट्टीवर काळ्या लाखेसारखा एक गोळा दिसतो. चिप त्या गोळ्याखाली कायमची बंद केलेली असते. काहींत पाय असलेली चिप दिसते, पण तिच्यावर नाव नसते. अशा चिप बहुधा एकदाच लिहिण्याजोग्या असतात. दगडावर कोरलेले अक्षर पुसता येत नाही, तसेच हे. भिंगातून पाहिल्यावर चिपवर 'टायनी-१३', 'टायनी-८५' असे काही वाचता आले, तरच पुढचे पाऊल टाकावे.

एव्हीआर चिप पुन्हा लिहिता येते, ती फ्लॅश स्मृतीमुळे. या स्मृतीत प्रत्येक बिटासाठी एक सूक्ष्म कणगी असते, असे समजा. कणगीला दार नाही. चहूबाजूंनी विद्युतरोधक भिंत. विशिष्ट दाब दिला, की इलेक्ट्रॉन भिंतीतून आत शिरतात आणि वीज बंद झाली तरी वर्षानुवर्षे आत अडकून राहतात. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून ० की १ ते ठरते. हे तत्त्व दावोन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ साली मांडले. सुरुवातीच्या चिपांत हे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला चिपच्या पाठीवर काचेची खिडकी ठेवून तिच्यावर अतिनील किरण सोडावे लागत, आणि त्याला बऱ्याच मिनिटांचा अवधी लागे. फ्लॅश स्मृतीत हेच काम विजेने क्षणात होते. दर खेपेला भिंत थोडी झिजते, म्हणून एटीटायनी-८५ साठी सुमारे १०,००० वेळा लिहिण्याची मर्यादा सांगितली जाते. शाळेतल्या प्रयोगांना ती भरपूर झाली!

लागणारे साहित्य

१. संगणक. साधा, जुनाही चालेल. त्यावर प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन आणि चिपशी बोलणारे 'एव्हीआरड्यूड' हे साधन हवे. दोन्ही मोफत मिळतात.

२. प्रोग्रामर. संगणक आणि चिप यांच्यामधला हा दुभाष्या. 'यूएसबी-एएसपी' नावाचा छोटा प्रोग्रामर यासाठी प्रसिद्ध आहे. तो नसेल, तर आर्डुइनो उनो ही पट्टीसुद्धा हे काम करते. ज्या शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आहे, तिथे अशी पट्टी बहुधा असतेच.

३. आठ पायांचा चिमटा. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखाच, पण त्याच्या जबड्यात आठ बारीक धातूचे दात असतात. तो चिपवर बसवला, की एकेक दात एकेका पायाला टेकतो. त्यामुळे चिप उकलून काढावी लागत नाही.

४. सहा तारा. लहान असाव्यात, वीतभरापेक्षा लांब तारांत संकेत बिघडतात.

५. मल्टिमीटर, भिंग आणि विजेरीचे कडे फिरवून काढण्यासाठी टोकदार पक्कड. पट्टी डाखलेली असेल, तर डाखणीची सळई.

काही नव्या विजेऱ्यांच्या पट्टीवर चिमट्याऐवजी तांब्याचे लहान ठिपके ठेवलेले असतात. त्यांवर स्प्रिंगच्या टाचण्या दाबून धरायच्या असतात. एटीटायनी-१६१६ सारख्या नव्या चिपांत तर सहाऐवजी तीनच तारा पुरतात : धन, ऋण आणि बोलण्या-ऐकण्याची एक तार. त्यासाठी यूएसबीची साधी सिरियल पट्टी आणि एक छोटा रोध एवढेच लागते.

सहा तारा कशासाठी?

दोन तारा विजेच्या, धन आणि ऋण. उरल्या चार. एक तार चिपला गप्प बसवते. शिक्षक वर्गात आल्यावर मुले शांत होतात, तसे या तारेवरचा दाब शून्य केला, की चिप आपले नेहमीचे काम थांबवून ऐकू लागते. दुसरी तार चिपला सांगण्यासाठी आणि तिसरी चिपचे उत्तर ऐकण्यासाठी. चौथी तार तालाची. लेझीम खेळताना ढोलाच्या ठोक्यावर पाऊल पडते. तसा या तारेवरच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बिट पुढे सरकतो.

ताल फार जलद झाला, तर नवशिक्याचे पाऊल चुकते. चिपचेही तसेच. तालाचा वेग चिपच्या स्वतःच्या वेगाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी असावा लागतो. नवी एटीटायनी-८५ सेकंदाला १० लाख ठोक्यांनी चालते; म्हणून ताल सेकंदाला अडीच लाखांपेक्षा कमी हवा. अनेकांची पहिली खटपट याच ठिकाणी अडते. ताल हळू केला, की चिप बोलू लागते.

आठ पायांपैकी चिपवरच्या ठिपक्याजवळचा पाय पहिला. तिथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजत जावे. पाय १ गप्प बसवण्याचा, ४ ऋण, ५ सांगण्याचा, ६ ऐकण्याचा, ७ तालाचा आणि ८ धन. आर्डुइनो उनो वापरताना तिच्यात आधी 'आर्डुइनो-आयएसपी' हा प्रोग्राम भरावा. मग तिचा खुंट १० चिपच्या पाय १ ला, ११ पाय ५ ला, १२ पाय ६ ला आणि १३ पाय ७ ला जोडावा. उनो मध्येच पुन्हा सुरू होऊ नये, म्हणून तिच्या रीसेट आणि ऋण या खुंटांमध्ये १० मायक्रोफॅरडचा धारित्र लावावा.

प्रत्यक्ष कृती आणि खबरदारी

पहिला नियम : विजेरीतला घट काढून दूर ठेवावा. प्रोग्रामर चिपला स्वतः वीज देतो. दोन्हीकडून वीज आली, तर प्रोग्रामर आणि संगणक दोघांनाही धोका. लिथियम-आयन घटाची दोन टोके धातूने जोडली गेली, तर तो तापून पेट घेऊ शकतो. त्याला कधीही डाख देऊ नये आणि हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

दुसरा नियम : चिमटा सुलटा बसला आहे, याची दोनदा खात्री करावी. प्रस्तुत लेखकाने पहिल्या खेपेस घाईत चिमटा उलटा लावला. धन-ऋण उलट झाले, चिप चटका बसेल इतकी तापली आणि कायमची निकामी झाली. ठिपका न पाहण्याचा दंड!

जोडणी झाली, की आधी काही लिहू नये. फक्त चिपला तिची ओळख विचारावी. ती तीन आकड्यांत उत्तर देते. एटीटायनी-८५ चे उत्तर येते : १ई, ९३, ०बी. हे आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले असतात. त्यांत ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ हे अंक येतात. पहिला आकडा '१ई' म्हणजे मूळ कंपनीची खूण. उत्तर बरोबर आले, तर सहाही तारा नीट जोडल्या गेल्या. सगळे शून्य आले किंवा उत्तरच आले नाही, तर चिमटा हलवून पुन्हा बसवावा.

आता जुना प्रोग्राम वाचून संगणकात जपून ठेवण्याचा प्रयत्न करावा. पुष्कळदा निर्मात्याने चिपला कुलूप लावलेले असते आणि वाचता येत नाही. कुलूपबंद चिप पुसून पुन्हा लिहिता येते. पण एकदा पुसली, की जुना प्रोग्राम परत मिळत नाही. म्हणून घरातली एकुलती एक विजेरी प्रयोगाला घेऊ नये.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. चिपमध्ये 'फ्यूज' नावाचे काही विशेष बिट असतात. त्यांपैकी एक बिट पहिल्या पायाचे रीसेटचे काम बंद करतो. तो चुकून बदलला, तर चिपला गप्प बसवण्याचा मार्गच बंद होतो. मग साधा प्रोग्रामर निरुपयोगी ठरतो आणि १२ व्होल्ट देणारे वेगळे साधन लागते. अर्थ पुरता समजल्याशिवाय फ्यूजना हात लावू नये.

हे सगळे सांभाळले, तर खुद्द लिहिण्याचे काम काही सेकंदांचे. लिहून झाल्यावर साधन चिपमधला मजकूर परत वाचून ताडून पाहते. मगच चिमटा काढावा आणि घट बसवावा.

विजेरी न उघडता सुरुवात

शाळेत हा प्रयोग विजेरीशिवायही करता येतो आणि सुरुवात तशीच करावी. लांब पायांची एटीटायनी-८५ जोडणीपाटावर बसवा. एक एलईडी, ३३० ओहमचा रोध, एक बटण आणि तीन साधे कोरडे घट घ्या. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी कागदावर मराठीत पायऱ्या मांडा : चालू होताच १३ वर थांब, बटण दाबले तर ६४, पुन्हा दाबले तर २५५, जास्त वेळ दाबून धरले तर बंद. उघडझापीची पायरी लिहिलीच नाही, तर विजेरी उघडझाप करणार कशी? जगभरच्या हौशी मंडळींनी विजेरीसाठी लिहिलेले प्रोग्राम सर्वांना खुले करून ठेवले आहेत. 'अँडुरिल' हा त्यांतला प्रसिद्ध. तो वाचून पुष्कळ शिकता येते.

आपला उजेड आपण सांभाळावा, ही कल्पना नंदुरबारला नवी नाही. २००३ साली धडगाव तालुक्यातल्या बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून उदई नदीवर छोटे जलविद्युत केंद्र उभे केले होते. केरळहून आलेल्या अभियंत्यांनी त्यांना साहाय्य केले. २००६ साली ते सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाले. पण आपली वीज आपण निर्माण करू शकतो, हे गावाने दाखवून दिले होते. मुंबईच्या आयआयटीने २०१४ पासून महाराष्ट्रासह चार राज्यांत विद्यार्थ्यांपर्यंत लाखो सौरदिवे पोहोचवले, तेव्हाही दिवे जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम गावातल्याच माणसांना शिकवले. दिवा बिघडला, तर तो फेकून न देता उघडून पाहणारा कोणी तरी गावात असावा, एवढाच त्यामागचा विचार.

आता एक गणित तुमच्यासाठी. अस्तंब्याच्या पायथ्याशी तुम्ही उभे आहात. तुमच्या विजेरीतल्या चिपने घट मोजला आणि मोजमाप आले ३५२. घटाचा दाब किती? आणि एवढ्या घटावर डोंगर चढायला निघावे, की आधी घट बदलून घ्यावा? वहीत सोडवा, आणि उत्तराचे कारण शिक्षकांना समजावून सांगा.